दुसरा प्रोसेसर बसवताना उष्णतेला वाट करून द्या

वडोदऱ्याहून पूर्वेला वीसेक किलोमीटर गेलं की वाघोडिया लागतं. जीआयडीसीतले लहानमोठे कारखाने, लिमड्याला पारूल विद्यापीठ आणि अपोलो टायर्सचा कारखाना, पिपरियाला सुमनदीप विद्यापीठ आणि त्याचं धीरज रुग्णालय असा हा पट्टा आहे. गायकवाडांच्या काळापासून वडोदऱ्यात रुजलेल्या मराठी घरांतली अनेक माणसं आज अशा आस्थापनांत हिशेब, स्टोअर आणि संगणकाचं खातं सांभाळतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. त्यातही ज्यांच्याकडे पाच-सात वर्षांपूर्वी घेतलेला, दोन प्रोसेसर मावतील असा पण एकच प्रोसेसर असलेला सर्व्हर आहे त्यांच्यासाठी अधिक. त्या वेळी पैसे वाचवायला दुसरं सॉकेट रिकामं ठेवलं गेलं. आता माणसं वाढली, ईआरपी आली, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आलं आणि सर्व्हर दुपारनंतर दमायला लागला. अशा वेळी दुसरा प्रोसेसर लावणं हा बऱ्याच ठिकाणी योग्य आणि किफायतशीर निर्णय असतो, असं माझं ठाम मत आहे. पण तो निर्णय प्रोसेसरच्या खरेदीचा समजला जातो आणि तिथेच काम बिघडतं. तुम्ही विकत घेता ती चिप, पण तुम्हाला उभारायची असते ती चिपमधली उष्णता सर्व्हरच्या मागच्या जाळीतून आणि खोलीतून बाहेर नेणारी अखंड वाट. हीट सिंक, थर्मल पेस्ट, पंखे, रिकाम्या जागा बुजवणाऱ्या डमी, वारा वळवणारं आवरण, खोलीचा एसी हे सगळे त्या एकाच वाटेचे टप्पे आहेत. त्यातला एक जरी तुटला तरी दुसऱ्या प्रोसेसरवर घातलेले पैसे अर्धे वाया जातात.

आधी एक गोष्ट तपासून घ्या, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळं व्यर्थ. सर्व्हर मंद आहे म्हणजे त्याला प्रोसेसरच कमी पडतो आहे असं नाही. आठवडाभर, महिनाअखेरचे दिवस धरून, प्रोसेसरचा वापर, मोकळी रॅम आणि डिस्कची प्रतीक्षा यांची नोंद ठेवा. सगळे कोअर बराच वेळ ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असतील तर दुसऱ्या प्रोसेसरचा फायदा होईल. रॅम संपून सर्व्हर डिस्कवर अदलाबदल करत असेल तर रॅम घ्या. जुन्या फिरत्या हार्ड डिस्क असतील तर आधी एसएसडी घ्या, फरक त्याच दिवशी दिसेल. आणि एकच कोअर शंभर टक्क्यांवर, बाकीचे झोपलेले असं दिसत असेल तर तो प्रोग्राम एका वेळी एकाच कोअरवर चालणारा आहे. त्याला आणखी दहा कोअर दिले तरी त्याचा रिपोर्ट तेवढाच वेळ घेणार. याउलट रिमोट डेस्कटॉपवर वीस-पंचवीस माणसं एकाच वेळी काम करत असतील, किंवा एका सर्व्हरवर चार-पाच व्हर्च्युअल मशीन असतील, तर काम आपोआप कोअरांत वाटलं जातं आणि दुसरा प्रोसेसर आपली किंमत वसूल करतो.

चिप निवडताना नियम कडक आहे: पहिल्यावर जो क्रमांक छापलेला आहे तोच दुसऱ्याचा हवा, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. इंटेलचा झिऑन सिल्व्हर 4210 आणि 4210आर यांची नावं जवळची, कोअरही दोन्हींत 10, पण पहिला 85 वॉटचा आणि दुसरा 100 वॉटचा. ही जोडी चालत नाही. इंटेलच्या 6210यू, 6212यू अशा 'यू' शेपटीच्या चिप आणि एएमडीच्या 7302पी, 7402पी अशा 'पी' शेपटीच्या चिप एकट्याने राहण्यासाठीच बनवलेल्या असतात. पहिला प्रोसेसर तसला निघाला तर त्याच्या शेजारी दुसरा बसणारच नाही, मग दोन्ही बदलण्याचा हिशेब करावा लागेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन वापरलेल्या चिप नव्याच्या कितीतरी खाली मिळतात, आणि जुन्या पिढीसाठी तोच एक व्यवहार्य मार्ग असतो. त्यात गैर काही नाही, पण दोन गोष्टी पाहून घ्या. चिपच्या झाकणावर नेहमीच्या क्रमांकाऐवजी 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' असं कोरलेलं असेल तर तो चाचणीसाठीचा नमुना आहे, कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. आणि एएमडीच्या एपिक चिपमध्ये अशी सुरक्षा असते की ती एका कंपनीच्या सर्व्हरमध्ये चालली की त्याच कंपनीशी कायमची बांधली जाऊ शकते. म्हणून ती आधी कुठल्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये होती हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. चिप हातात आली की ती लावण्याआधी, सर्व्हर एकाच प्रोसेसरवर नीट चालू असतानाच, बायोस आणि व्यवस्थापनाचं फर्मवेअर अद्ययावत करून घ्या.

आता उष्णतेकडे. पहिला आक्षेप इथेच येतो: एका चिपने खोली किती तापणार? आकडे मांडले तर आक्षेप वरवर खराच वाटतो. 85 वॉटची चिप, सोबत सहा रॅमपट्ट्या आणि वाढलेले पंखे धरून भर पडेल ती दीडशे वॉटच्या आसपास, म्हणजे ताशी सुमारे 510 बीटीयू. दीड टनाचा एसी ताशी 18,000 बीटीयू उपसतो. त्यात ही वाढ तीन टक्केही नाही. पण प्रश्न एकूण उष्णतेचा नाही, ती किती जागेतून निघते याचा आहे. हजार वॉटच्या इस्त्रीची उष्णता हाताच्या पंजाहून मोठ्या तव्यावर पसरलेली असते. प्रोसेसरचे 85 वॉट जेमतेम काही चौरस सेंटिमीटर सिलिकॉनमधून निघतात, त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरमागे उष्णता इस्त्रीच्या तव्यापेक्षा कित्येक पट भरते. खोली थंड आहे की नाही हे चिपला थेट कळत नाही. तिला कळतं ते फक्त आपल्याला टेकलेला धातू किती झपाट्याने उष्णता ओढून घेतो ते. म्हणून मी म्हणतो की हीट सिंक हा प्रोसेसरबरोबरचा जादा भाग नाही, प्रोसेसरचाच अर्धा भाग आहे. इंटेलने 2017 मध्ये पहिल्या पिढीचे झिऑन स्केलेबल प्रोसेसर आणले तेव्हा रचनाही तशीच केली: चिप आधी प्लास्टिकच्या चौकटीने हीट सिंकला अडकवायची आणि मग ते दोन्ही मिळून सॉकेटवर ठेवायचं.

तरीही बाजारात प्रोसेसर सुटा विकला जातो आणि हीट सिंक मागाहून शोधला जातो. इथे घाई करू नका. एकाच मॉडेलच्या सर्व्हरसाठी दोन-तीन प्रकारचे हीट सिंक असतात: कमी वॉटच्या चिपसाठी साधा, जास्त वॉटच्या चिपसाठी उंच किंवा उष्णता वाहणाऱ्या नळ्यांचा. दिसायला सारखे, भोकंही जुळतात, पण साधा हीट सिंक जास्त वॉटच्या चिपवर लावला तर ती कायम तापलेली राहते. सर्व्हरच्या सेवापुस्तिकेत कोणत्या वॉटला कोणता भाग क्रमांक याची नोंद असते, तो क्रमांक लिहूनच मागणी द्या. तसंच पंख्यांचं. उदाहरणार्थ एचपीईच्या डीएल380 जेन10 मध्ये एका प्रोसेसरसाठी चार पंखे आणि दोन डमी असतात, दोन प्रोसेसर झाले की सहाच्या सहा पंखे लागतात. प्रोसेसर आणि हीट सिंक आले, पंखे मागवायचे राहिले, आणि सर्व्हर सुरू झाल्यावर अपुऱ्या पंख्यांची तक्रार करत बसला, असं होऊ नये म्हणून मागणी देतानाच संच पूर्ण करा: चिप, हीट सिंक, पंखे, रॅम आणि पेस्टची एक सिरिंज.

दुसरा आक्षेप अधिक जाणकार मंडळी घेतात. आजचे प्रोसेसर फार तापले तर स्वतःच वेग कमी करतात, टोकाला गेलं तर सर्व्हर बंद करतात, मग जळण्याची भीती कशाला? बरोबर आहे, चिप सहसा जळत नाही. पण वेग कमी होणं हेच तर नुकसान आहे. झिऑन सिल्व्हर 4210 चा पायाभूत वेग 2.2 गिगाहर्ट्झ आणि कमाल टर्बो 3.2 गिगाहर्ट्झ. या दोहोंमध्ये चिप कुठे चालते हे तिला किती थंड ठेवता येतं यावरही अवलंबून असतं. वाईट बसवलेल्या हीट सिंकखाली चिप मुकाट्याने खालच्या वेगावर येते, स्क्रीनवर कोणतीही चूक दिसत नाही, आणि मालक म्हणतो की दुसरा प्रोसेसर लावून काही फरक पडला नाही. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हा महासंगणक पाहा, सीडॅकने उभारलेला. त्यातल्या बहुतेक नोडमध्ये झिऑन 8268 चे दोन प्रोसेसर आहेत, एकेक 205 वॉटचा, आणि त्यांची उष्णता काढायला द्रव थेट चिपवरच्या पट्टीपर्यंत नेलेला आहे. आपल्या दीडदोन लाखांच्या सर्व्हरला त्याची गरज नाही, पण विचार तोच असतो: वेग हवा असेल तर उष्णतेची वाट आधी आखा.

ही वाट सर्व्हरच्या पेटीपाशी संपत नाही, ती खोलीत जाते, आणि वाघोडियात खरी अडचण तिथे आहे. बहुतेक सर्व्हर समोरून आत जाणारी हवा 10 ते 35 अंश सेल्सिअस असेल असं धरून बनवलेले असतात, आणि अश्रे या संस्थेची शिफारस 18 ते 27 अंशांची आहे. मे महिन्यात बाहेर 40 ते 43 अंश असताना एसी बंद झाला की छोटी खोली पाहता पाहता पस्तिशी ओलांडते. अनेक ठिकाणी सर्व्हर यूपीएसवर आणि एसी थेट लाइनवर असतो. वीज गेली की सर्व्हर चालू राहतो आणि थंडावा थांबतो. जनरेटर सुरू होऊन एसीने पुन्हा जोर धरेपर्यंतची ती मिनिटं दोन प्रोसेसरच्या सर्व्हरला जास्त जड जातात. म्हणून दुसरा प्रोसेसर लावताना एसीला जनरेटरवर घ्या आणि आत येणारी हवा ठरावीक अंशांवर गेली की सर्व्हर आपोआप नीट बंद होईल अशी सोय व्यवस्थापनाच्या फर्मवेअरमध्ये करून ठेवा. एसीचा रिमोट 18 वर ठेवला म्हणजे काम झालं, असंही नव्हे. थंड झोत सर्व्हरच्या तोंडाशी पोहोचतो की वरून निघून जातो, मागून निघालेली गरम हवा फिरून पुन्हा समोर येते का, हे एका साध्या तापमापकाने रॅकच्या पुढे आणि मागे मोजून पाहा. निर्णय रॅकच्या पुढच्या बाजूच्या आकड्यावर घ्या.

धुळीचं आणि हवेचं वेगळं सांगायला हवं. इंजिनिअरिंग कारखान्यात ग्राइंडिंगची धूळ धातूची असते, ती वीज वाहते, आणि हीट सिंकच्या पातळ पंखांमध्ये तिचा थर बसला की हवा अडते. रसायनांच्या परिसरात त्याहून सूक्ष्म धोका असतो: गंधकयुक्त वायू तांबं आणि चांदी खातात, सर्किटच्या रेघा आणि सुटे जोड कमजोर होतात. यासाठी आयएसए 71.04 या मानकात जी1 ही सर्वात सौम्य पातळी दिली आहे: महिनाभर ठेवलेल्या तांब्याच्या पट्टीवर गंजाचा थर 300 आंग्स्ट्रॉमपेक्षा आणि चांदीच्या पट्टीवर 200 आंग्स्ट्रॉमपेक्षा कमी असला पाहिजे. अशा पट्ट्या विकत मिळतात, टांगून ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवता येतात. दुसऱ्या प्रोसेसरमुळे पंखे जास्त वेगाने फिरणार, म्हणजे तीच हवा आणखी मोठ्या प्रमाणात आत ओढली जाणार. ज्या कारखान्यात टेबलाची पितळी मूठ महिन्याभरात काळी पडते तिथे आधी सर्व्हरची खोली बंदिस्त करा, फिल्टर लावा, मग चिप मागवा.

आता प्रत्यक्ष काम. रविवार किंवा कारखान्याची साप्ताहिक सुटी निवडा, आदल्या रात्री बॅकअप घ्या आणि त्या बॅकअपमधून एखादी फाइल परत काढून पाहा, कारण न तपासलेल्या बॅकअपवर विसंबता येत नाही. सर्व्हर नीट बंद करा, दोन्ही पॉवर केबल काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. काम त्याच एसीच्या खोलीत करा. पावसाळ्यात थंड सर्व्हर उचलून बाहेरच्या दमट वर्कशॉपमध्ये नेला की त्याच्या धातूवर दव धरतं, ते डोळ्यांना दिसत नाही पण सॉकेटात उतरतं. हिवाळ्यात उलटं: हवा कोरडी होते आणि अंगावर स्थिर वीज साठते. माणसाला तिचा झटका जाणवायला सुमारे 3,000 व्होल्ट लागतात, चिप त्याहून खूप कमी व्होल्टेजला बिघडू शकते. म्हणजे तुम्हाला काहीही जाणवलं नाही तरी नुकसान झालेलं असू शकतं. मनगटाचा पट्टा सर्व्हरच्या रंग न लावलेल्या धातूला जोडा. हा पट्टा स्वस्तात मिळतो आणि तो न वापरण्याचं एकही समर्थन मला सापडलेलं नाही.

झाकण उघडलं की पंख्यांच्या मागे काळं प्लास्टिकचं आवरण दिसेल, ते हवा प्रोसेसरवर आणि रॅमवर वळवतं. ते उचला. त्याखाली रिकाम्या सॉकेटवर आणि रॅमच्या रिकाम्या खाचांवर डमी बसवलेल्या असतील. हवा रिकाम्या जागेतून पळून जाऊ नये, हेच त्यांचं काम. ज्या खाचा भरणार नाही तिथल्या डमी परत बसवायच्या आहेत, बाकीच्या पिशवीत भरून सर्व्हरवर चिकटवून ठेवा. मग सॉकेटचं झाकण काढा आणि इथे थांबा. 4210 सारख्या झिऑन स्केलेबलच्या सॉकेटात 3,647 बारीक पिना असतात, त्या चिपवर नाहीत, मदरबोर्डवर आहेत, आणि केसासारख्या वाकतात. टॉर्च तिरका धरून बाजूने पाहा: नीट असलेल्या पिनांचा प्रकाश एकसारखा ओळीत चमकतो, वाकलेली पिन त्या ओळीत काळा ठिपका किंवा तिरपी चमक दाखवते. एकही पिन वाकलेली दिसली तर चिप बसवू नका. सॉकेटचं झाकण फेकू नका, मदरबोर्ड कधी परत पाठवायचा झाला तर ते लागतं. आता चिप कडांनीच धरून तिचा छोटा सोनेरी त्रिकोण प्लास्टिकच्या चौकटीवरच्या खुणेशी जुळवा आणि हलकेच दाबा, टिक असा आवाज येतो. ही चौकट हीट सिंकला अडकवा. सॉकेटच्या दोन कोपऱ्यांत वेगवेगळ्या जाडीच्या दोन खुंट्या असतात, त्यामुळे हा जोड एकाच दिशेने बसतो. बसत नसेल तर फिरवून पाहा, जोर लावू नका. सरळ खाली सोडा, सरकवू नका.

स्क्रू आवळणं हा या कामाचा सर्वात नाजूक आणि सर्वात दुर्लक्षित भाग आहे. त्यासाठी टी30 मापाचा टॉर्क्स पाना लागतो, साध्या चपट्या पान्याने डोकी खराब होतात. काही कंपन्यांच्या हीट सिंकला चार नट असतात, काहींना दोन. आवळण्याचा क्रम हीट सिंकच्या लेबलावर आकड्यांनी छापलेला असतो, तोच पाळा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात तर हीट सिंक एका कडेवर टेकतो, पिनांवर दाब असमान पडतो, आणि त्याचं फळ कसं दिसतं तर रॅमच्या एका खाचेतली पट्टी सर्व्हरला दिसेनाशी होते. लोक मग रॅम बदलत बसतात. दोष रॅमचा नसतो, दाबाचा असतो. या सॉकेटला साधारण 12 इंच-पौंड, म्हणजे सुमारे 1.36 न्यूटन-मीटर इतकाच पीळ द्यायचा असतो. शक्य असेल तर पीळ मोजणारा पाना वापरा, नसेल तर नट सहज अडतो तिथे थांबा. काढताना क्रम उलटा. याहून जुन्या झिऑन ई5 च्या सर्व्हरमध्ये चिप सॉकेटात वेगळी ठेवून दोन तरफांनी बंद करतात आणि हीट सिंक त्यावर वेगळा येतो. तिथे चारही स्क्रू कर्णाने, थोडे थोडे आवळायचे.

पेस्टबद्दल गैरसमज फार आहेत. चिपचं झाकण आणि हीट सिंकचा तळ दोन्ही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म खड्ड्यांनी भरलेले असतात, आणि त्या खड्ड्यांत हवा असते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे 400 वॉट प्रति मीटर-केल्विन, चांगल्या पेस्टची 4 ते 10, हवेची 0.026. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट बरी, पण तांब्यापेक्षा खूप वाईट. म्हणून तिचं काम खड्डे भरण्यापुरतं आहे, थर जाड केला की तीच अडसर होते. जास्त पेस्ट म्हणजे जास्त थंडावा, हे खरं नाही. नव्या हीट सिंकच्या तळाला बहुधा पेस्ट आधीच लावलेली असते, तिला बोट लावू नका, तिच्यावर आणखी पेस्ट घालू नका. हीट सिंक एकदा बसवून कोणत्याही कारणाने उचलला, तर ती पेस्ट गेली असं समजा: आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही पृष्ठभाग पुसा, वाळू द्या, नवी पेस्ट लावा. थोडी जुनी राहू दिली तर चालेल असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, कारण पसरलेल्या जुन्या पेस्टमध्ये हवेचे बुडबुडे अडकतात.

चिप बसली तरी काम अर्धंच झालेलं असतं. दुसऱ्या प्रोसेसरच्या बाजूला स्वतःच्या रॅमच्या खाचा असतात, त्यांत पहिल्यासारखीच रॅम, त्याच क्रमाने भरा. रॅम सगळी पहिल्याकडेच राहिली तर दुसऱ्याला प्रत्येक गोष्ट दोघांमधल्या दुव्यावरून मागावी लागते आणि त्यात वेळ जातो. चांगली बाजू अशी की आतापर्यंत बंद पडलेल्या काही विस्तार-खाचाही जिवंत होतात, कारण त्या दुसऱ्या प्रोसेसरलाच जोडलेल्या असतात. आवरण नीट बसवा, झाकण लावा, केबल जोडा. पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहील, सर्व्हर नवी रॅम शिकून घेत असतो, त्या वेळी घाबरून बंद करू नका. मग बायोसमध्ये दोन प्रोसेसर, पूर्ण रॅम आणि सर्व पंखे दिसतात का पाहा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सॉकेट्ससमोर 2 दिसायला हवेत. त्यानंतर दोन तास दोन्ही प्रोसेसरवर पूर्ण लोड देणारी चाचणी चालवा आणि दोघांचं तापमान शेजारी शेजारी लिहा. शेजारी बसवलेल्या दोन चिपचं तापमान जवळपास सारखं यायला हवं. नवी चिप स्पष्टपणे जास्त तापत असेल तर आजच हीट सिंक उचला, पेस्ट पाहा, पुन्हा बसवा. सोमवारी माणसं कामाला बसली की ही संधी जाते.

हे सगळं वेंडरच करेल, आपण कशाला शिकायचं, असाही प्रश्न येईल. सर्व्हर वॉरंटीत किंवा एएमसीत असेल तर खरोखर त्यांच्याकडूनच करून घ्या, वाकलेल्या पिनांची जबाबदारी कुणाची हे लेखी ठरलेलं असतं. पण बहुतेक एएमसीत आलेला तरुण एका दुपारी तीन ठिकाणी जायचा असतो. क्रम कोणता, पेस्ट किती, चाचणी किती वेळ हे तुम्हाला माहीत असेल तर ते मागता येतं आणि न झालेलं दिसतं. नवाच सर्व्हर का घेऊ नये, हाही रास्त प्रश्न आहे. सध्याचा सर्व्हर सात-आठ वर्षांचा झाला असेल, सुट्या भागांची चणचण असेल, तर नवाच घ्या. एरवी वापरलेली जुळती चिप, हीट सिंक, पंखे आणि रॅम मिळून खर्च नव्याच्या किमतीपुढे बराच कमी येतो. मात्र त्या हिशेबात सॉफ्टवेअरचा परवाना धरायला विसरू नका. विंडोज सर्व्हर 2016 पासून परवाना कोअरवर मोजला जातो, प्रत्येक सर्व्हरला किमान 16 कोअर. दहा कोअरच्या एका चिपला तुम्ही 16 कोअरचे पैसे आधीच दिलेले असतात, दोन चिपचे 20 कोअर झाले की आणखी चारच लागतात. एसक्यूएल सर्व्हरचा कोअरवरचा परवाना मात्र 10 वरून थेट 20 होतो, आणि ओरॅकलच्या स्टँडर्ड एडिशन 2 मध्ये भरलेलं प्रत्येक सॉकेट मोजलं जातं. हार्डवेअरवर वाचवलेले पैसे इथे दुपटीने जाऊ शकतात, तेव्हा चिप मागवण्याआधी परवान्याचे कागद काढा. शेवटी यूपीएस आणि पॉवर सप्लाय पाहा: दोनपैकी एक पॉवर सप्लाय बंद पडला तरी उरलेल्या एकट्यावर सगळा भार निभला पाहिजे.

ज्या खोलीत भर मे महिन्याच्या दुपारी सर्व्हरच्या तोंडाशी हवा 30 अंशांच्या खाली ठेवता येत नाही, तिथे दुसरा प्रोसेसर या वर्षी लावू नका. ते पैसे आधी एसी आणि त्याच्या जनरेटर-जोडणीवर घाला. बाकी ठिकाणी काम करा, आणि केल्यावर तारीख, चिपचा क्रमांक, हीट सिंकचा भाग क्रमांक, पेस्टचं नाव आणि लोडखालची दोन्ही तापमानं एका कागदावर लिहून तो सर्व्हरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.